दहशतवादी, बंडखोर की सरकार: परक्या युद्धातील सशस्त्र गटांवर शिक्का कोण मारतो आणि कशासाठी?

अमळनेरच्या एका अभ्यासिकेत राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीने मला एक लेखी प्रश्न पाठवला आहे. सिरियातील अहमद अल-शरा यांचा ठावठिकाणा सांगणाऱ्यास अमेरिकेने एक कोटी डॉलरचे इनाम जाहीर केले होते आणि तेच गृहस्थ नोव्हेंबर २०२५ मध्ये सिरियाचे राष्ट्राध्यक्ष म्हणून व्हाइट हाउसमध्ये गेले. ज्या कुर्द लढवय्यांना अमेरिकेने शस्त्रे पुरवली, त्यांनाच अमेरिकेचा लष्करी मित्र असलेला तुर्कस्तान दहशतवादी म्हणतो. तेव्हा परक्या देशातील युद्धात कोणता गट दहशतवादी आणि कोणता बंडखोर हे सरकारे नेमके कशावरून ठरवतात, आणि उत्तरपत्रिकेत आम्ही कोणता शब्द लिहावा, असे तिने विचारले आहे.

माझी नोकरीची बहुतेक वर्षे जळगावात एका बँकेच्या परकीय चलन विभागात गेली. निर्यातदारांची कागदपत्रे तपासणे आणि त्यांतील प्रत्येक नाव निर्बंधांच्या याद्यांशी ताडून पाहणे हा त्या कामाचा मोठा भाग होता. निवृत्तीनंतर बँक कर्मचाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना मी हाच विषय शिकवतो. पुढील उत्तर हे अशा याद्या ज्याच्या टेबलावर येऊन पडतात त्या माणसाचे आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

एखाद्या सशस्त्र गटाविषयी सरकार काही म्हणते तेव्हा त्यात तीन वेगळे थर असतात आणि बातमीत ते एकमेकांत मिसळून येतात. पहिला थर कायद्याचा: त्या गटाचे नाव एखाद्या अधिकृत यादीत, ठरावीक कलमाखाली, ठरावीक तारखेला घातले गेले आहे की नाही. दुसरा थर मुत्सद्देगिरीचा: परराष्ट्रमंत्री, प्रवक्ते आणि वाटाघाटी करणारे त्या गटाला कसे संबोधतात, त्याच्यासोबत एका टेबलावर बसतात की नाही. तिसरा थर वर्तनाचा: त्या गटाने नागरिकांना मारले का, ओलीस धरले का, कैद्यांचा छळ केला का. पहिल्या दोन थरांचा निर्णय सरकारे आपल्या सोयीने आणि आपल्या वेळेला घेतात; तिसरा थर मात्र पुराव्याचा आहे आणि तो कोणाच्या अधिसूचनेने बदलत नाही. माझे सगळे सांगणे या भेदावर उभे आहे.

अमेरिकेची पद्धत आधी पाहू, कारण जगभरच्या बँकांना तीच अधिक जाचते. तिथे ‘परकीय दहशतवादी संघटना’ ही यादी स्थलांतर व नागरिकत्वविषयक कायद्याच्या कलम २१९ खाली परराष्ट्रमंत्री ठरवतात. हे कलम १९९६ मध्ये आले. संघटना परकीय असावी, ती दहशतवादी कृत्ये करणारी किंवा तशी क्षमता आणि इरादा बाळगणारी असावी, आणि तिच्यापासून अमेरिकेच्या नागरिकांना किंवा राष्ट्रीय सुरक्षेला धोका असावा, अशा तीन अटी आहेत. तिसरी अट नीट वाचली की निम्मे कोडे सुटते. शेजारच्या गावावर क्रूर हल्ले करणारा, परंतु अमेरिकेच्या हितसंबंधांना हात न लावणारा गट या कसोटीत बसेलच असे नाही. आणि तिन्ही अटींत बसणाऱ्या गटाला वगळायचे असेल तर परराष्ट्रमंत्र्यांवर त्याचे नाव घालण्याची सक्तीही नाही. या यादीतील संघटनेला पैसा, साहित्य, प्रशिक्षण किंवा सल्ला देणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. दुसरी वेगळी यादी २३ सप्टेंबर २००१ च्या अध्यक्षीय आदेश १३२२४ खालची आहे. तिचा मुख्य परिणाम मालमत्ता गोठवणे आणि व्यवहार रोखणे हा आहे. वृत्तपत्रांत या दोन्हींना सरसकट ‘काळी यादी’ म्हणतात, त्यामुळे गट कोणत्या यादीत आहे हा महत्त्वाचा तपशील वाचकापर्यंत पोहोचत नाही.

संयुक्त राष्ट्रांची यादी १५ ऑक्टोबर १९९९ च्या सुरक्षा परिषद ठराव १२६७ पासून सुरू होते. जून २०११ मध्ये तिचे दोन भाग झाले: अल-कायदासाठी एक आणि ठराव १९८८ खाली तालिबानसाठी दुसरा. डिसेंबर २०१५ मध्ये पहिल्या भागात ‘इस्लामिक स्टेट’चे नावही जोडले गेले. समितीत परिषदेचे पंधराही सदस्य असतात आणि निर्णय सर्वसहमतीने होतो, म्हणजे एका देशाने हात आडवा केला तरी नाव अडकते. जैश-ए-महंमद ही संघटना २००१ पासून या यादीत होती. तरीही तिचा प्रमुख मसूद अझहर याचे नाव १ मे २०१९ रोजीच आत गेले, कारण चीनने ते वर्षानुवर्षे रोखून धरले होते. त्या वर्षांत त्या माणसाविषयीचा पुरावा कमी पडत होता असे कोणीही म्हणणार नाही. कमी पडत होती ती संमती.

भारतात हा अधिकार बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७ खाली केंद्र सरकारकडे आहे. संघटनांची यादी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असते, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून व्यक्तींची नावे चौथ्या अनुसूचीत जातात. याच कायद्याच्या कलम ५१अ खालील आदेशानुसार संयुक्त राष्ट्रांच्या याद्या रिझर्व्ह बँकेमार्फत देशातील प्रत्येक बँकेकडे येतात, मग ती मुंबईची असो की शहाद्याची.

आता टेबलावरची गोष्ट. रावेर-यावल भागातील केळी आखाती देशांत जातात, जळगावची डाळ आणि खानदेशातील कापूस-सूत आणखी लांब जाते. माल पाठवणाऱ्याचे बिल आमच्याकडे आले की त्यातील आयातदार, त्याची बँक, जहाज, जहाजाचा मालक, बंदर, सगळ्यांची नावे यंत्रणेतून जात. अरबी नावांचे रोमन लिपीतील स्पेलिंग पाच-सहा प्रकारे होते, म्हणून एखाद्या सरळमार्गी व्यापाऱ्याचे नाव यादीतील नावाशी जुळल्यासारखे दिसे आणि व्यवहार थांबे. मग जन्मतारीख, पासपोर्ट, पत्ता मागवून तो माणूस ‘तो’ नाही हे सिद्ध करावे लागे, आणि तोवर इकडे शेतकऱ्याचा पैसा अडकून राही. अमेरिकेची यादी भारताला कायद्याने बांधील नाही, हे खरे आहे. परंतु व्यवहार डॉलरमध्ये असेल तर तो कुठे ना कुठे न्यूयॉर्कमधील बँकेतून जातो, आणि तिथे अडकलेला पैसा सोडवणे अवघड असते; त्यामुळे कोणतीही भारतीय बँक अमेरिकेच्या याद्याही तपासतेच. सिरियातील दमास्कस किंवा येमेनमधील साना येथे बसलेल्या एखाद्या गटाला वॉशिंग्टनमध्ये काय म्हणतात याचा संबंध सावद्याच्या केळी-उत्पादकाशी येतो तो असा.

सिरियाकडे येऊ. बशर अल-असद यांच्या सरकारने २०११ च्या निदर्शनांपासूनच विरोधकांना दहशतवादी म्हटले, आणि २०१२ मध्ये दहशतवादविरोधी कायदा व त्यासाठी खास न्यायालय आणून त्या भाषेला कायद्याचे रूप दिले. त्या कायद्याची व्याख्या इतकी सैल होती की शांततेने निदर्शने करणारे, जखमींवर उपचार करणारे आणि मदत पोहोचवणारेही तिच्यात सापडले. सरकार सगळ्यांनाच एक नाव देते तेव्हा खरोखर भीषण कृत्ये करणाऱ्या गटाविषयीचा त्याचा इशाराही कोणी गांभीर्याने घेत नाही, आणि सिरियात तेच झाले.

डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेने अल-शरा यांच्या नेतृत्वाखालील नुसरा आघाडी या असदविरोधी सशस्त्र गटाला इराकमधील अल-कायदाचे दुसरे नाव म्हणून यादीत घातले. त्याच आठवड्यात अमेरिकेने सिरियातील विरोधकांच्या आघाडीला सिरियाच्या जनतेचे प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. हेतू उघड होता: असदविरोधी लढ्यातून एक गट वेगळा काढायचा आणि बाकीच्यांना मदत देता येईल अशी जागा मोकळी करायची. परंतु विरोधकांच्या आघाडीचे तत्कालीन प्रमुख मुआज अल-खतीब यांनीच माराकेश येथील परिषदेत या निर्णयाचा फेरविचार करण्याची मागणी केली, कारण रणांगणावर नुसराचे लोक त्यांच्या बाजूने लढत होते. कागदावर रेष ओढणे वॉशिंग्टनला सोपे होते. अलेप्पोच्या गल्लीत, जिथे एकाच मोर्चावर चार गटांची माणसे शेजारी-शेजारी होती, तिथे ती रेष कोणालाच दिसत नव्हती.

ही अडचण २०१५ मध्ये उघड्यावर आली. नोव्हेंबरमध्ये व्हिएन्ना येथे जमलेल्या देशांनी सिरियातील दहशतवादी गटांची एक समाईक यादी तयार करण्याच्या कामात समन्वय साधण्याची जबाबदारी जॉर्डनवर टाकली. प्रत्येक देशाने आपापली नावे दिली आणि त्या याद्या एकमेकींशी जुळेनात. काहींनी तर असदच्या बाजूने लढणाऱ्या इराणी दलाचेही नाव दिले. अखेर १८ डिसेंबर २०१५ च्या ठराव २२५४ मध्ये नावानिशी दोनच संघटना आल्या, ‘इस्लामिक स्टेट’ आणि नुसरा, आणि पुढच्या फेब्रुवारीतील शस्त्रसंधीतून त्यांनाच वगळण्यात आले. मे २०१६ मध्ये रशियाने अहरार अल-शाम आणि जैश अल-इस्लाम या दोन असदविरोधी गटांनाही संयुक्त राष्ट्रांच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव आणला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि युक्रेन यांनी तो रोखला. त्यातील जैश अल-इस्लामचे महंमद अलूश हे त्या वेळी जिनिव्हाच्या वाटाघाटींत विरोधकांचे मुख्य वाटाघाटीकार होते. त्यांचा गट यादीत गेला असता तर वाटाघाटीच्या टेबलावरील खुर्ची रिकामी करावी लागली असती, आणि त्याहून गंभीर बाब अशी की त्यांच्या ताब्यातील वस्त्यांवर बाँब टाकणे हा शस्त्रसंधीचा भंग ठरला नसता. यादीत नाव असणे आणि नसणे यांतील अंतर तिथल्या सामान्य माणसासाठी किती होते, हे यावरून समजावे. कोणत्या गटाला वगळायचे हे ठरवताना कोणत्या वस्तीवर विमाने जाऊ शकतील हेही ठरत होते.

कुर्दांचे प्रकरण याच्या उलट बाजूने पाहण्यासारखे आहे. तुर्कस्तानात अनेक दशके लढलेला कुर्दिस्तान कामगार पक्ष म्हणजे पीकेके १९९७ पासून अमेरिकेच्या यादीत आहे. सिरियातील कुर्दांचे वायपीजी हे दल त्याच विचारपरंपरेतून आणि त्याच माणसांच्या संपर्कातून उभे राहिले. तुर्कस्तानच्या लेखी दोन्ही एकच आहेत. २०१४ मध्ये कोबानी शहर ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडण्याच्या बेतात असताना अमेरिकेला जमिनीवर लढणारे विश्वासू सैन्य हवे होते, आणि ते वायपीजीच्या रूपाने मिळाले. दुसऱ्या बाजूला, ‘मवाळ’ विरोधकांना निवडून प्रशिक्षण देण्याच्या पन्नास कोटी डॉलरच्या योजनेतून सप्टेंबर २०१५ पर्यंत प्रत्यक्ष लढणारे चार-पाचच उरले आहेत, असे खुद्द अमेरिकेच्या सेनापतींना संसदेच्या समितीपुढे सांगावे लागले. ऑक्टोबर २०१५ मध्ये वायपीजीसह अरब आणि इतर गटांना घेऊन ‘सिरियन लोकशाही दले’ ही नवी आघाडी जाहीर झाली. अमेरिकेचे जनरल रेमंड थॉमस यांनी २०१७ मध्ये एका जाहीर चर्चेत मोकळेपणाने सांगितले की, नाव बदला असा सल्ला आम्हीच दिला होता. तुर्कस्तानने मात्र हे नवे नाव मानले नाही आणि २०१८ मध्ये आफ्रिनवर, २०१९ मध्ये ईशान्य सिरियावर सैन्य घातले. उत्तर अटलांटिक करारातील दोन सदस्य देश एकाच दलाकडे, एकाच वर्षी, इतक्या विरुद्ध नजरेने पाहत होते.

खानदेशच्या वाचकाला यात अनोळखी काही वाटू नये. १८२५ मध्ये जेम्स औटरॅम याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली ती ज्यांना कंपनी सरकारचे दप्तर लुटारू म्हणत होते त्यांच्यातूनच. पुढे १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, सुमारे साडेपाच लाख रुपये प्रतिसरकारच्या कार्यासाठी नेले गेले, तेव्हा इंग्रज सरकारच्या लेखी तो दरोडा होता; जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांना आज आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणून वंदन करतो. मात्र हे उदाहरण देणाऱ्याने एक पथ्य पाळावे. चिमठाण्याचे नाव घेऊन बाजारपेठेत स्फोट घडवणाऱ्या कोणत्याही गटाला उद्याचा स्वातंत्र्यसैनिक ठरवण्याची पळवाट काढू नये. तिथे लक्ष्य परक्या राजवटीची तिजोरी होती, गावातील बायामुले नव्हती.

भारताने स्वतः हा अनुभव श्रीलंकेत घेतला आहे, आणि तो विद्यार्थ्यांनी सिरियाच्या आधी अभ्यासावा असे मला मनापासून वाटते. १९८३ नंतरच्या काही वर्षांत तमिळ सशस्त्र गटांना भारताच्या भूमीवर प्रशिक्षण मिळाले, त्यांत लिट्टेही होती. जुलै १९८७ च्या करारानंतर भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली आणि ऑक्टोबरपासून तिला त्याच लिट्टेशी लढावे लागले. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तिथे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. शांतिसेना मार्च १९९० पर्यंत तिथे होती आणि तिचे सुमारे बाराशे जवान परतले नाहीत. त्याच काळात अध्यक्ष प्रेमदासा यांच्या सरकारने शांतिसेना घालवण्यासाठी लिट्टेला शस्त्रे दिली; १९९३ मध्ये लिट्टेनेच त्यांची हत्या केली. शांतिसेना लढत होती त्या सगळ्या काळात लिट्टे भारतात बेकायदा संघटना नव्हती. बंदी आली ती १४ मे १९९२ रोजी, राजीव गांधींच्या हत्येनंतर जवळजवळ एका वर्षाने. आपल्या जवानांवर गोळ्या झाडणारी संघटना साडेचार वर्षे कोणत्याच यादीत नसावी, हे वाचताना जड जाते. परंतु तमिळनाडूचे राजकारण, कोलंबोवरील दबाव आणि पुढील वाटाघाटींची शक्यता या सगळ्यांचा विचार दिल्लीत चालू होता, आणि सरकारे हा निर्णय असाच घेतात.

लिट्टेच्याच बाबतीत शिक्क्याचा आणखी एक परिणाम दिसला. २००२ च्या शस्त्रसंधीनंतर श्रीलंकेच्या सरकारने स्वतःची बंदी उठवली, तेव्हाच चर्चेला वाट मिळाली. मे २००६ मध्ये युरोपीय संघाने लिट्टेला यादीत घातले. त्यावर लिट्टेने शस्त्रसंधी निरीक्षक पथकातून युरोपीय संघाच्या सदस्य देशांचे लोक हटवण्याची मागणी केली, आणि स्वीडन, डेन्मार्क व फिनलंड यांना आपली माणसे काढून घ्यावी लागली. पथकात नॉर्वे आणि आइसलंड एवढेच उरले. लिट्टेचे गुन्हे पाहता युरोपचा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, पण निरीक्षकांचे डोळे नेमके युद्ध पुन्हा पेटत असताना कमी झाले, हेही सांगितलेच पाहिजे.

तालिबानच्या बाबतीत अमेरिकेने हीच शक्यता आधीच ओळखली होती. पाकिस्तानातील तेहरिक-ए-तालिबान २०१० मध्ये आणि हक्कानी गट २०१२ मध्ये परकीय दहशतवादी संघटनांच्या यादीत गेले. वीस वर्षे ज्याच्याशी युद्ध केले तो अफगाण तालिबान त्या यादीत कधीच गेला नाही, केवळ मालमत्ता गोठवण्याच्या यादीत राहिला. त्यामुळे २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे करारावर सही करता आली. त्या कराराच्या नावातच तालिबानचा उल्लेख ‘अमेरिका ज्याला राज्य म्हणून मान्यता देत नाही आणि जे तालिबान म्हणून ओळखले जाते ते अफगाणिस्तानचे इस्लामी अमिरात’ अशा लांबलचक रचनेने केला आहे. रशियाने २००३ पासून ठेवलेली बंदी एप्रिल २०२५ मध्ये स्थगित केली आणि जुलैमध्ये त्या सरकारला मान्यता दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीला आले तेव्हा त्यांचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या यादीत होतेच, म्हणून त्यांच्या प्रवासासाठी समितीकडून तेवढ्या दिवसांची सूट घ्यावी लागली. यादी आणि भेट, दोन्ही एकाच वेळी चालू राहू शकतात याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या परीक्षार्थींना मिळणार नाही.

येमेनमधील हुथींचे प्रकरण मला सर्वांत अस्वस्थ करते, कारण त्यात बँकांचा वाटा मोठा आहे. ट्रम्प प्रशासनाने आपल्या पहिल्या कार्यकाळाच्या अखेरच्या पूर्ण दिवशी, १९ जानेवारी २०२१ रोजी, हुथींना परकीय दहशतवादी संघटना ठरवले. बायडन प्रशासनाने १६ फेब्रुवारीला तो शिक्का काढला. या चार आठवड्यांत हुथी बदलले नव्हते. बदलला होता तो प्रश्न: येमेनला लागणाऱ्या धान्यापैकी सुमारे नव्वद टक्के बाहेरून येते, राजधानी आणि होदेदा बंदर हुथींच्या ताब्यात आहे, आणि बंदरावर कर, परवाना किंवा हमाली दिली तरी तो ‘मदत केल्याचा’ गुन्हा ठरेल या भीतीने आयातदार, विमा कंपन्या आणि बँका हात आखडता घेतील, असा इशारा जागतिक अन्न कार्यक्रमाच्या प्रमुखांनी सुरक्षा परिषदेत दिला होता. अन्न आणि औषधांसाठी सवलतीचे परवाने निघाले होते, हे खरे. परंतु शाखेत बसलेला अधिकारी परवान्याची भाषा वाचून धीर धरत नाही. चुकीचा व्यवहार सोडला तर नोकरी जाते, बरोबर व्यवहार अडवला तर कोणी विचारत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. ही अति-सावधगिरी मी माझ्या क्षेत्रात जवळून पाहिली आहे. कायदा जितके मनाई करतो त्याहून कितीतरी अधिक व्यवहार केवळ भीतीपोटी थांबतात, आणि त्याची झळ गटाच्या म्होरक्याला कमी, रांगेत उभ्या असलेल्या बाईला जास्त लागते.

नोव्हेंबर २०२३ पासून हुथींनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि आपल्याकडच्या निर्यातदारांचे भाडेही वाढले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेने त्यांना पुन्हा यादीत घेतले ते मालमत्ता गोठवण्याच्या, तुलनेने सौम्य यादीत, आणि अंमल एक महिना पुढे ढकलून, जेणेकरून मदतसंस्थांना तयारीला वेळ मिळावा. हा मधला मार्ग मला सर्वांत विचारपूर्वक आखलेला वाटतो. मार्च २०२५ मध्ये कडक यादीचा शिक्का परत लागला, आणि मे महिन्यात ओमानच्या मध्यस्थीने त्याच हुथींशी अमेरिकेचा हल्ले थांबवण्याचा समझोता झाला.

मदतकार्याच्या या अडचणीवर ९ डिसेंबर २०२२ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव २६६४ संमत केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या मालमत्ता गोठवण्याच्या सर्व निर्बंधांतून मानवतावादी मदतीला सूट दिली. चौदा मते बाजूने पडली. तटस्थ राहिलेला एकमेव देश भारत होता, आणि त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपदही आपल्याकडेच होते. आपल्या शेजारी यादीतील संघटना मदतसंस्थांचा मुखवटा घालून वावरतात, त्यांना ही सूट वापरता येईल, ही भारताची हरकत होती. लष्कर-ए-तैयबाने जमात-उद-दावाच्या नावाने काय केले हे पाहिलेल्या देशाने ही शंका घेणे रास्त आहे. तरीही माझे मत ठरावाच्या बाजूने आहे, कारण गैरवापर रोखायला तपासणी करता येते, उपासमारीने गेलेले मूल मात्र कोणत्याही तपासणीने परत येत नाही.

आता तिसरा थर. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत समान असलेले तिसरे कलम देशांतर्गत सशस्त्र संघर्षातील प्रत्येक पक्षाला, सरकारलाही आणि बंडखोर गटालाही, लागू होते: शस्त्र खाली ठेवलेल्याला मारू नये, छळू नये, ओलीस धरू नये, जखमींवर उपचार करावेत. त्या कलमाच्या शेवटी स्पष्ट लिहिले आहे की, ते लागू केल्याने पक्षांच्या कायदेशीर दर्जावर परिणाम होत नाही. हे वाक्य सरकारांची भीती घालवण्यासाठी घातले गेले, पण त्याचा उपयोग आपल्यालाही आहे. गटाला काय म्हणायचे यावर जग भांडत राहिले तरी त्याने काय केले हे मोजायची पट्टी वेगळी ठेवली गेली आहे. याउलट दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या करणारा सर्वसमावेशक करार भारताने १९९६ मध्ये मांडला तो आजही अडून आहे. परकीय ताब्याविरुद्धच्या लढ्यांना वगळायचे का आणि सरकारी सैन्याच्या कृत्यांना त्यात आणायचे का, या दोन मुद्द्यांवर एकमत होत नाही. व्याख्या नाही म्हणून प्रत्येक देशाची यादी वेगळी.

विद्यार्थिनीच्या अल-शरा यांच्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. त्यांच्या नुसरा संघटनेने जुलै २०१६ मध्ये अल-कायदाशी संबंध तोडल्याचे जाहीर केले, जानेवारी २०१७ मध्ये हयात तहरीर अल-शाम हे नाव घेतले, आणि अमेरिकेने मे २०१८ मध्ये त्या नव्या नावालाही जुन्याच नोंदीखाली घातले. ८ डिसेंबर २०२४ रोजी असद पळाले. त्याच महिन्यात अमेरिकेचे अधिकारी दमास्कसला गेले आणि इनाम मागे घेतले गेले. जुलै २०२५ मध्ये संघटना अमेरिकेच्या यादीतून निघाली. ६ नोव्हेंबर २०२५ च्या ठराव २७९९ ने अल-शरा यांचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांतून वगळले, चीन तटस्थ राहिला. या क्रमात पहिला आणि दुसरा थर राजधानी ताब्यात आल्यावर एका वर्षाच्या आत उलटला. तिसऱ्या थरात मार्च २०२५ हा महिना आहे, जेव्हा सिरियाच्या किनारपट्टीवर नव्या राजवटीच्या बाजूच्या सशस्त्र लोकांनी असद ज्या पंथाचे आहेत त्या अलावी पंथाच्या शेकडो नागरिकांना ठार केले. त्यानंतर चार महिन्यांनी यादीतून नाव निघाले.

उत्तरपत्रिकेविषयी. ‘दहशतवादी संघटना’ असे लिहायचे असेल तेव्हा कोणी, कोणत्या यादीत आणि कधी ठरवलेली हे सोबत लिहावे, म्हणजे ‘अमेरिकेने मार्च २०२५ पासून परकीय दहशतवादी संघटना ठरवलेले हुथी’. यादीचा संदर्भ नसेल तर ‘सशस्त्र गट’ पुरेसे आहे. कृत्याचे वर्णन करताना मात्र शब्द मऊ करू नये. नागरिकांची कत्तल झाली असेल तर कत्तल लिहावे, मग ती कोणत्याही यादीतील किंवा यादीबाहेरील हातांनी झालेली असो. भारताची भूमिका विचारली तर १९९६ चा मसुदा, लिट्टेवरील १९९२ ची बंदी, ठराव २६६४ वरील तटस्थता आणि मुत्ताकी यांची दिल्लीभेट ही चारही उदाहरणे तारखांसह द्यावीत, आणि त्यांतील विसंगती झाकू नये. परीक्षक बहुधा तीच शोधत असतो.